मेलेले क्रेफिश, न सापडलेला वाहक: आयर्लंडमधल्या एका साथीचा माग

२०१७ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या टिपररी परगण्यात, शुअर नदीच्या क्लॉनमेल ते कॅरिक-ऑन-शुअर या पट्ट्यात क्रेफिश मरून पडलेले दिसू लागले. क्रेफिश हा गोड्या पाण्यात राहणारा, शेवंडाच्या बांध्याचा कवचधारी प्राणी. आयर्लंडमधली पांढऱ्या नांग्यांची जात फार तर बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते. नदीत मरत होते ते फक्त हेच. पाण्यातल्या बाकी जिवांना काही झाल्याचं दिसत नव्हतं.

नदीत प्राणी मरायला लागले की पहिला संशय विषावर जातो, आणि तो रास्तच असतो. शेतातली फवारणी, मेंढ्यांच्या अंगावर घालायचं कीटकनाशक, गोठ्यातलं सांडपाणी, यातलं काहीही पाण्यात उतरू शकतं. पण विष असं निवडून मारत नाही. कीटकनाशक असेल तर दगडांखालच्या किड्यांच्या अळ्याही क्रेफिशबरोबर मरतात. पाण्यातला प्राणवायू घटला असेल तर मासे तडफडून वर येतात. एकाच जातीचा फडशा पडतोय आणि त्याच पाण्यातले इतर जीव तग धरून आहेत, असं दिसलं की रोगाचा विचार करावाच लागतो. मरीन इन्स्टिट्यूट या आयर्लंडच्या सरकारी सागरी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि निदान पक्कं झालं: क्रेफिश प्लेग. हा रोग ज्या जंतूमुळे होतो त्याचं नाव अफॅनोमायसिस अस्टॅसी.

निदान झालं, पण रोग आला कुठून? या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. जंतू कोणत्या वंशाचा, हा एक. तो या नदीत कोणत्या वाटेने उतरला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा देते. दुसऱ्याचं उत्तर नदीकाठी असतं आणि फार लवकर पुसलं जातं. आयर्लंडचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते यामुळेच. तिथे पहिल्या प्रश्नावर बरंच काम झालं, आणि तरीही दुसरा प्रश्न उरला.

मरत होतं ते कोण

पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश, शास्त्रीय नाव ऑस्ट्रोपोटॅमोबियस पॅलिपेस, ही आयर्लंडच्या नद्यांत पूर्वापार राहणारी एकमेव क्रेफिश जात. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन या देशांत ती झपाट्याने घटली. आयर्लंडमध्ये मात्र चुनखडीच्या प्रदेशातल्या नद्या-तलावांत तिची भरभक्कम वस्ती टिकून होती. कवच बांधायला कॅल्शियम लागतं आणि ते या पाण्यात मुबलक आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २०१० मध्ये ही जात संकटग्रस्त ठरवली. युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात तिला संरक्षण आहे, आयर्लंडच्या वन्यजीव कायद्यातही आहे. तिथल्या पाणमांजरांच्या आहारात हा प्राणी मोठ्या प्रमाणावर असतो, त्यामुळे नदीतून तो गेला तर त्याच्यावर जगणाऱ्यांचंही गणित बिघडतं.

जाता जाता एक गोष्ट. या क्रेफिशचं फ्रान्सच्या पश्चिम भागातल्या क्रेफिशशी अगदी जवळचं जनुकीय नातं दिसतं, आणि मध्ययुगात मठवासींनी ते खाण्यासाठी आयर्लंडला आणले असावेत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे आज ज्याला आपण तिथला मूळ रहिवासी म्हणतो, तोही माणसाच्या हातून आलेला असू शकतो. थोड्याशा प्राण्यांपासून वाढलेल्या वस्तीत जनुकीय वैविध्य कमी असतं, आणि नवा रोग आल्यावर त्यातून तगून निघणारे फारसे नसण्याचा धोका अशा वस्तीला जास्त.

रोगाची चाल

माग काढायचा तर रोग कसा चालतो हे नीट समजून घ्यावं लागतं. हा जंतू बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. बटाट्याच्या करप्याचा जंतू ज्या गटात मोडतो त्याच गटातला हा पाण्यातला जीव. (१८४५ च्या त्या करप्याने आयर्लंडमध्ये केवढा दुष्काळ पडला, ते सांगायला नकोच.) तो पाण्यात सूक्ष्म, पोहणारे बीजाणू सोडतो. बीजाणूंना क्रेफिशच्या कवचातून पाझरणाऱ्या रसायनांचा सुगावा लागतो. ते पोटाकडच्या आणि सांध्यांच्या मऊ कातडीवर चिकटतात, तिथे रुजतात आणि तंतू आत घुसवतात. चुकीच्या जागी चिकटलेला बीजाणू पुन्हा सुटून, पुन्हा पोहून दुसऱ्यांदा प्रयत्न करू शकतो.

लागण झालेला क्रेफिश ओळखता येतो. एरवी दिवसा दगडाखाली दडणारा हा निशाचर भर उन्हात उघड्यावर फिरताना दिसतो. चाल ताठरते, पाय लांब करून चवड्यांवर उभं राहिल्यासारखा तो चालतो. हात लावला तर शेपटी झटकून मागे उसळण्याची नेहमीची हालचाल होत नाही. पाय, नांग्या गळतात. शेवटी उताणा पडतो आणि पुन्हा पालथा होऊ शकत नाही. पोटाखालची पातळ कातडी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कधी कधी तंतूंच्या कडेने तपकिरी रेषा दिसतात. शरीराने जंतूला मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या वेष्टनात कोंडायचा प्रयत्न केल्याची ती खूण.

युरोपीय क्रेफिश हा प्रयत्न करतो, पण उशिरा. उत्तर अमेरिकेतल्या सिग्नल क्रेफिशमध्ये मेलॅनिन तयार करणारी यंत्रणा सदैव चालूच असते. जंतू कवचात शिरल्या शिरल्या कोंडला जातो, पण मरत नाही. प्राणी धडधाकट दिसतो, वर्षानुवर्षं जगतो आणि पाण्यात थोडेथोडे बीजाणू सोडत राहतो. जंतू मूळचा उत्तर अमेरिकेतला, आणि तिथल्या क्रेफिशबरोबर तो दीर्घकाळ राहत आलेला आहे. म्हणून युरोपात कुठेही ही साथ उठली की तपास करणारे पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतात: जवळपास अमेरिकी क्रेफिश कुठे आहेत?

आणखी एक मुद्दा, जो अहवालांत बहुतेक वेळा ओझरता येतो. लागण आणि मरण यांत अंतर असतं. कोमट पाण्यात ते थोड्या आठवड्यांचं, गारठलेल्या पाण्यात बरंच जास्त. त्यात नदीतळाशी पडलेले पहिले मृत प्राणी कोणाच्या नजरेस पडत नाहीत. त्यामुळे ज्या दिवशी पहिला मेलेला क्रेफिश दिसतो तो दिवस साथ सुरू झाल्याचा नसतो. मे महिन्यात प्रेतं दिसली म्हणून मे महिन्यात नदीवर कोण आलं होतं एवढंच विचारत बसलं, तर माग पहिल्याच पायरीवर चुकतो.

संशयित हजरच नाही

आयर्लंडमध्ये अडचण इथेच आली. तिथल्या नद्यांत अमेरिकी क्रेफिशची एकही वस्ती माहीत नव्हती. ब्रिटनमध्ये सिग्नल क्रेफिश १९७० च्या दशकात शेतीसाठी आले, निसटले आणि पसरले. आयर्लंडने तो मार्ग पत्करला नव्हता. तरीही २०१५ मध्ये कॅव्हन परगण्यातल्या ब्रस्की नदीत प्लेगने क्रेफिश मेले. ही तिथली प्रयोगशाळेत पक्की झालेली पहिली साथ. दोन वर्षांनी शुअर. मग त्याच वर्षी लिमरिकमधली डील नदी, कार्लोजवळची बॅरो नदी आणि टिपररीच्या उत्तरेकडची लोऱ्हा नदी.

नकाशा उघडून ही नावं क्रमाने लावली की तपासाची दिशा बदलते. ब्रस्कीचं पाणी अर्नच्या खोऱ्यातून वायव्येला समुद्रात जातं. डील शॅननच्या खाडीला मिळते. शुअर आणि बॅरो दोन्ही दक्षिणेला वॉटरफर्डच्या खाडीत उतरतात, पण त्यांची भेट भरती-ओहोटीच्या पाण्यात होते आणि बॅरोवरची साथ त्या संगमाच्या बरीच वर, कार्लोच्या बाजूला होती. पाण्याबरोबर वाहत जाऊन जंतू एका खोऱ्यातून दुसऱ्यात पोचला, ही शक्यता इथेच संपते. उरतो तो डोंगर-रस्ते ओलांडून नदी ते नदी जाणारा प्राणी, आणि एवढ्या झपाट्याने हे करणारा प्राणी माणूसच.

बीजाणू गार पाण्यात दिवस-दिवस तग धरतात, ओल्या वस्तूवरही टिकतात. पूर्ण वाळलं की मरतात. त्यामुळे संशय गेला तो ओल्या सामानावर: मासे धरायची जाळी, गुडघ्यापर्यंतचे बूट, कयाक आणि त्यात साचलेलं पाणी, नदीत काम करणारी यंत्रं. यातलं नेमकं काय, कोणाचं, कधी, हे सिद्ध झालेलं नाही. पण हा संशय नवा नव्हता. १९८७ मध्ये वेस्टमीथमधल्या लॉख लीन या तलावातून क्रेफिश नाहीसे झाले होते. तेव्हाही प्लेगचाच संशय होता, आणि परदेशातून मासेमारीला आलेल्यांच्या सामानातून तो आला असावा असा अंदाज बांधला गेला होता. साथ तिथे आटोपली, देशभर पसरली नाही. म्हणजे वाहक प्राणी नसतानाही हा रोग बेटावर उतरू शकतो, हा इशारा पहिल्या पक्क्या निदानाच्या २८ वर्षं आधीच मिळाला होता. तो पुरेसा मनावर घेतला गेला नाही, असं मला स्पष्टपणे वाटतं. अमेरिकी क्रेफिश येऊ दिले नाहीत म्हणजे रोगही येणार नाही, या समजुतीवर सगळी भिस्त राहिली.

जंतूची वंशावळ

वाहक सापडत नसेल तर जंतूलाच विचारायचं. इथे अफॅनोमायसिस अस्टॅसीचा एक गुण तपासाच्या कामी येतो. त्याच्यात लैंगिक प्रजनन आढळलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो स्वतःची नक्कलच काढत राहतो, त्यामुळे वंशांची सरमिसळ होत नाही आणि ओळख दीर्घकाळ शाबूत राहते.

१९९० च्या दशकात स्वीडनच्या संशोधकांनी आरएपीडी या डीएनए-तंत्राने या जंतूचे गट पाडले. अ गट युरोपात सर्वांत जुना. १८५९-६० च्या सुमारास इटलीच्या पो खोऱ्यात क्रेफिश मरायला लागले, तिथून ही साथ युरोपभर फिरली. या गटाचा मूळ अमेरिकी यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर तो जगत आला तो क्रेफिश, कोण, हे कोडं आहे. ब आणि क गट सिग्नल क्रेफिशशी जोडलेले: ब कॅलिफोर्नियाकडून आलेल्या प्राण्यांशी, क कॅनडातल्या पिट तलावातल्यांशी. ड गट लुइझियानाच्या लाल दलदली क्रेफिशचा. हे क्रेफिश १९७० च्या दशकात स्पेनमध्ये शेतीसाठी आणले गेले, आणि त्यांच्यासोबतचा हा वंश कोमट पाण्यातही चांगला वाढतो. नंतर काटेरी गालांच्या अमेरिकी क्रेफिशवरचा इ गट सापडला. ही जात १८९० मध्येच मध्य युरोपात सोडण्यात आली होती.

म्हणून साथीतल्या जंतूचा गट कळला की निदान तो मुळात कोणत्या यजमानाबरोबर युरोपात उतरला ते कळतं. अडचण होती ती नमुन्यांची. आरएपीडीसाठी जंतूची शुद्ध वाढ प्रयोगशाळेत करावी लागते, आणि मेलेल्या क्रेफिशवर काही तासांतच बुरशींची गर्दी होते. २०१४ मध्ये मायक्रोसॅटेलाइट खुणांची, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून वंश ओळखण्याची पद्धत आली आणि आजारी प्राण्याच्या उतींतून थेट वंश काढता येऊ लागला. अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा बोलते झाले. नॉर्वेच्या संशोधकांनी अशा जतन केलेल्या क्रेफिशमधून आपल्या देशातल्या साथींचा इतिहास मागे जाऊन तपासला.

आयर्लंडमधल्या साथींतल्या नमुन्यांची अशी तपासणी झाली तेव्हा जंतूचा एकच वंश देशभर फिरतोय असं दिसलं नाही, एकाहून अधिक वंश सापडले. एकदा कुणाकडून तरी चूक झाली आणि तीच नदी ते नदी पसरली, ही सोपी कथा त्यामुळे टिकत नाही. जंतू बाहेरून एकापेक्षा जास्त वेळा आला. दार एकदा चुकून उघडं राहिलं नव्हतं, ते उघडंच होतं.

आपल्याकडे याच कुळातल्या जंतूने नेमकी उलटी गोष्ट दाखवली आहे. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा माशांना होणाऱ्या व्रणरोगाचा जंतू, मत्स्यशेतीतले लोक ज्याला ईयूएस म्हणतात तो. १९८८ मध्ये तो ईशान्येकडून भारतात शिरला आणि पुढे राज्याराज्यांत पसरला. वेगवेगळ्या आशियाई देशांतल्या नमुन्यांवर हेच आरएपीडी तंत्र वापरलं, तेव्हा सगळे जवळजवळ एकसारखे निघाले: एकच वंश वेगाने अख्ख्या आशियात गेला होता. तंत्र तेच, कूळ तेच, पण उत्तर वेगळं, म्हणून उपायही वेगळा. एकच वंश फिरत असेल तर तो पसरतोय त्या वाटा आतून अडवायच्या. अनेक वंश येत असतील तर बंदर, विमानतळ आणि फेरीबोटीवर लक्ष द्यायचं. महाराष्ट्रात माशांच्या अशा साथी येतात तेव्हा नमुना जपून वंश काढण्याची तसदी घेतली, तर पुढच्या वेळी अंदाजावर विसंबावं लागणार नाही.

जिथे दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली

तुलनेसाठी नॉर्वेचं हाल्डेन खोरं पाहावं लागतं, कारण तिथे वाहक सापडला. स्वीडनच्या सीमेलगतच्या या खोऱ्यात १९८९ मध्ये प्लेग आला, २००५ मध्ये पुन्हा आला. २००८ मध्ये ओयमार्क तलावात सिग्नल क्रेफिश सापडले. ते बेकायदा आणून सोडले होते. २०१४ मध्ये साथ तिसऱ्यांदा उठली, या वेळी ओर्ये गावच्या जलद्वाराच्या वरच्या अंगाला.

या वेळी संशोधक तयारीत होते. अशा वेळी पिंजऱ्यांत निरोगी क्रेफिश पाण्यात सोडून ते मरतात का ते पाहायचं, ही जुनी रीत. त्यासोबत त्यांनी नदीचं पाणी तपासायला सुरुवात केली. काचतंतूंच्या बारीक गाळणीतून पाच-पाच लिटर पाणी ओढायचं, गाळणीवर अडकलेला डीएनए वेगळा करायचा आणि त्यात तीन नावं शोधायची: जंतू, स्थानिक क्रेफिश, सिग्नल क्रेफिश. चार वर्षांत असे ३०४ नमुने झाले. पिंजऱ्यातले प्राणी मरण्याच्या अडीच आठवड्यांपर्यंत आधी पाण्यात जंतू दिसू शकला. दुसरं निरीक्षण मला त्याहून मोलाचं वाटतं. प्राणी मरत असताना जंतूचा आणि स्थानिक क्रेफिशचा डीएनए पाण्यात एकदम वाढतो, आणि मरणं थांबली की झपाट्याने नाहीसा होतो.

म्हणजे पुरावा पाण्यात असतो, पण मोजके आठवडेच. आयर्लंडमध्ये पहिल्या साथींच्या आधी असं नियमित पाणी तपासलं जात नव्हतं. मरणं दिसली, कुणीतरी कळवलं, मग नमुने गेले. तोवर जंतू नदीत कुठून उतरला असावा, वरच्या पुलाशी की खालच्या घाटाशी, हे सांगणारा चढउतार वाहून गेला होता. यात स्थानिक लोकांना दोष देता येत नाही. त्यांनी पाहिलं आणि कळवलं, म्हणूनच एवढं तरी कळलं.

नंतर काय केलं

राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव सेवेने आणि मत्स्यपालन खात्याने लागण झालेल्या नद्यांवरून सामान दुसरीकडे नेऊ नका असं आवाहन केलं. नदीवरून निघताना सामान तपासा, धुवा, पूर्ण वाळवा, हा संदेश कयाकवाले आणि गळ टाकणाऱ्यांच्या संघटनांपर्यंत पोचवला. स्पर्धा घेणाऱ्यांनी निर्जंतुकीकरणाच्या टाक्या ठेवल्या. २०१८ मध्ये पाच परदेशी क्रेफिश जातींच्या आयातीवर आणि बाळगण्यावर बंदी घालणारे नियम आले, आणि पाण्यातल्या डीएनएवर आधारलेली राष्ट्रीय पाहणीही सुरू झाली. त्यातून कुठे जंतू आहे आणि कुठे क्रेफिश उरलेत याचा नकाशा तयार होतो. हे काम चोख आहे. फक्त ते १९८७ नंतर लगेच सुरू व्हायला हवं होतं.

आयर्लंडमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी बॅरोवर होड्या चालवायला जातात, शॅननच्या खोऱ्यात गळ टाकतात. त्यांच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की बूट आणि होडी नुसती धुऊन भागत नाही. शिवणीतली, फोमच्या पॅडमधली ओल जाईपर्यंत वाळवावी लागते. तेवढा वेळ नसेल तर ६० अंशांहून गरम पाणी किंवा जंतुनाशक वापरायचं.

जे क्रेफिश उरले त्यांचं काय

या प्रकरणातला सर्वांत पेचाचा भाग साथीनंतरचा आहे. साथ होऊन गेलेल्या खोऱ्यांतही काही ठिकाणी नंतर जिवंत पांढऱ्या नांग्यांचे क्रेफिश सापडले. याचे अर्थ दोन होऊ शकतात. एक, ते वरच्या एखाद्या ओढ्यात होते आणि जंतू तिथवर पोचलाच नाही. तसं असेल तर त्यांच्याकडून नदी पुन्हा भरून निघू शकते. दुसरा अर्थ गंभीर आहे. फिनलंडमध्ये स्थानिक क्रेफिशच्या धडधाकट दिसणाऱ्या वस्तीत हा जंतू सौम्य रूपात दडून राहिलेला आढळला आहे. आयर्लंडमध्ये उरलेल्यांतले काही असेच असतील, तर पुढच्या साथीचा वाहक बाहेरून यायची गरजच नाही. बाहेरच्या क्रेफिशवर नजर ठेवणाऱ्यांना तो दिसणारही नाही.

हे दोन अर्थ वेगळे करायला मेलेल्या प्राण्यांचा उपयोग नाही. साथ होऊन गेलेल्या प्रत्येक खोऱ्यातले जिवंत क्रेफिश धरून, पोटाखालच्या मऊ कातडीचा नमुना घेऊन, त्यात जंतू आहे का आणि कोणत्या वंशाचा हे पाहावं लागेल. जंतू मिळाला तर त्याचा वंश २०१५ आणि २०१७ च्या नमुन्यांशी ताडून पाहता येतो, आणि साथीत राहून गेलेला जुनाच वंश आहे की नव्याने आलेला, हे तिथे कळतं. संरक्षित जात असल्याने असे नमुने परवान्याशिवाय घेता येत नाहीत, आणि एका ओढ्यात दोन-चारच प्राणी उरले असतील तर त्यातला एकही तपासासाठी मारणं परवडणारं नाही. कातडीवरून बोळा फिरवून प्राणी जिवंत सोडायचा, की तो पाण्याच्या टबात काही वेळ ठेवून ते पाणी गाळायचं, यातल्या कोणत्या रीतीत थोडासा जंतूही निसटत नाही, हे पडताळून पाहिल्याशिवाय या उरलेल्या क्रेफिशना दुसऱ्या नदीत नेऊन वसवायचा विचार करू नये.